शीन, बे, ये, रे

तात्यांच्या एका हाताला डायलिसिसच्या सुया असायच्या आणि मोकळ्या हाताचं बोट हवेत फिरत असायचं, उजवीकडून डावीकडे. बारामतीच्या त्या दवाखान्यात आईला घेऊन मी नुकतीच यायला लागले होते. मला वाटलं, माशा हाकलताहेत. विचारलं, तर म्हणाले, "माशा न्हाईत वं. खाली एक टिंब दिलं की 'बे', वर दोन दिली की 'ते'. हाय का न्हाय गंमत?"

तात्या शेळगावचे, ऊस लावणारे. त्यांचा मुलगा सांगायचा, सुरुवातीला त्यांना अक्षरशः उचलून गाडीत बसवावं लागे. "मशिनीतनं रगत फिरवून जगायचं, त्याला काय अर्थ हाय?" हे ते डॉक्टरांना विचारायचे, सिस्टरना विचारायचे, झाडूवाल्या मावशींनाही. मग शेजारच्या कॉटवर इंदापूरचे शब्बीर गुरुजी आले, उर्दू शाळेतून निवृत्त झालेले. त्यांनी पेपर उघडला, तो मागच्या बाजूने.

"गुरुजी, पेपर उलटा धरलाय."

"उलटा न्हाय, तात्या. आमचा हितनंच सुरू हुतो."

तात्या बघायला एवढे वाकले की सिस्टर धावत आल्या. नेहमीचा प्रश्न त्यांनी गुरुजींनाही विचारला होताच. गुरुजी म्हणाले, "अर्थाचं मागनं बघू. आधी अक्षर तर लागू द्या."

पुढचं मी स्वतः पाहिलं. तात्यांच्या शंका संपायच्या नाहीत. "ह्यो 'बे' एकटा असला की पसरून बसतोय, आन् शेजारी कुणी आलं की आकसून जागा देतोय. असं का वं?" गुरुजी म्हणाले, एवढी वर्षं शिकवलं, पण हे कुणी विचारलं नव्हतं. माझी आई पहिले काही आठवडे भिंतीकडे तोंड करून रडायची. ती हळूहळू कुशीवर वळून ऐकायला लागली. एकदा तर तिनेच तात्यांना टोकलं, "अहो, टिंब राहिलं!"

एके दिवशी गुरुजींच्या कॉटवर दुसराच माणूस होता. गुरुजी आदल्या रात्री गेले होते. तात्यांचं बोट त्या दिवशी हललं नाही. डायलिसिसच्या पुढच्या पाळीला ते आलेच नाहीत, त्याच्या पुढच्यालाही नाहीत. आईने मला त्यांना फोन करायला लावला.

"पाळीला या," मी म्हटलं. तर म्हणाले, "तुमी इंदापूरच्याच ना? मला गुरुजींकडं न्या. मग बगू."

तात्यांच्या मुलाने त्यांना इंदापुरात आणून सोडलं. चेहरा सुजलेला, चालताना धाप लागत होती. कबरस्तानात गुरुजींचा मुलगा थांबला होता. दगड नुकताच बसवला होता. तात्या त्याच्यासमोर खाली बसले आणि कोरलेल्या रेघांवर बोट ठेवलं.

"शीन... बे..."

पुढे अडले. गुरुजींचा मुलगा सांगायला गेला.

"सांगू नगा."

आम्ही उभे राहिलो. ऊन चढत होतं. तात्यांचं बोट दोनदा मागे जाऊन पुन्हा तिथेच आलं. "...ये... रे. शब्बीर." तेवढं म्हणून त्यांनी डोळ्यांवर टॉवेल धरला आणि तसेच बसून राहिले.

मग टॉवेल खांद्यावर टाकत त्यांनी नावाखालच्या ओळींकडे बोट केलं. "आन् ह्ये काय लिवलंय?"

"ते अरबी आहे, तात्या," गुरुजींचा मुलगा म्हणाला. "मला वाचता येतं, पण अर्थ नीट सांगता यायचा न्हाय."

तात्यांनी त्या ओळी निरखून पाहिल्या, मान वाकडी करून, अगदी जवळून. मग माझ्याकडे हात केला.

"उठवा मला. बारामतीला चला. आज माजी पाळी हाय."