उदगीरचं मंजूर विमानतळ

संरक्षणमंत्री आमच्या बर्फातल्या चौकीवर येणार, असा निरोप आला. फौजेत अशा दौऱ्याची आधी रिहर्सल होते आणि रिहर्सलला एक खोटा मंत्री लागतो. नांदेडकडच्या जत्रांतल्या नाटकांत राजा झालेला हवालदार मीच. मेजरसाहेबांनी मलाच पुढे काढलं.

घोंगडीची शाल करून मी रांगेतून हात मिळवत निघालो. शिपाई सलीमपाशी थांबलो. तो उदगीरचा. त्याला मुलगी झाली होती, अजून पाहिली नव्हती.

"कोई तकलीफ, जवान?"

"पोरीचं तोंड बघायचं हाय, साहेब. रजा द्या की."

"मंजूर. विमानानं जा."

"उदगीरला विमानतळ न्हाई, साहेब."

"तेबी मंजूर."

रांग मोडेपर्यंत सगळे हसले. रजा देणं मंत्र्याचं काम नव्हे, हे मेजरसाहेबांनी मला ऐकवलं. मग सलीमला म्हणाले, दौरा झाला की निघ.

दुपारी वाट मोकळी करायला गस्त गेली. सलीम तिच्यात होता. तासाभरानं वायरलेस सेट खरखरला.

"बर्फ आया है। चार मिले। सलीम नहीं मिला।"

"ढूंढो। हम आ रहे हैं।"

आम्ही फावड्यांनी, मग हातांनी खणलं. अंधार पडायच्या आधी तो सापडला. श्वास नव्हता.

दुसऱ्या दिवशी खरे मंत्री आले. रांगेत गाळा पडला की सरकून भरायचा, हा ड्रिलचा पहिला धडा. त्या दिवशी कुणी सरकलं नाही आणि मेजरसाहेबांनीही हुकूम दिला नाही. मंत्री त्या गाळ्यासमोर थांबले. कुणाची जागा, म्हणून विचारलं. शेजारी मीच होतो.

"शिपाई सलीम, सर। छुट्टी मंजूर थी।"

त्यांनी हातमोजा काढला आणि हात छातीशी धरून उभे राहिले. भाषणाचा कागद खिशातच राहिला.

निवृत्तीनंतर मी दर ईदला उदगीरला जातो. सलीमची सना आता शाळेत जाते. दारातच कडक सॅल्यूट ठोकून विचारते, "मंत्रीकाका, विमानतळ कधी?" मी शाल सावरत सांगतो, पुढच्या वर्षी नक्की.

यंदा म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. तुम्ही एसटीनं येताव, तेवढं बास हाय."

मग तिची आई दरवर्षीसारखा आमचा फोटो काढते. मी आणि सना सावधान उभे राहतो. मधे एका माणसाची जागा सोडून.