जावा-जावांचा कन्सोल

सासरी मला कसलाच त्रास नव्हता, आणि तेच माझं दुखणं होतं. माझ्या थोरल्या जाऊबाई मला 'तुम्ही' म्हणायच्या. तशा त्या जवळच्याच बेंबळी गावच्या, तोंडानं फटकळ. दूधवाल्याला दारातच झापायच्या, दिराला म्हणजे माझ्या नवऱ्याला 'ए बावळ्या' म्हणायच्या. मी समोर आले की मात्र आवाज खाली. "तुमी बसा, मी करते." का, तर मी पुण्यात शिकलेली आणि घरी बसून कंप्युटरवर नोकरी करणारी. मी पोळपाटाला हात लावला तरी त्यांना अवघडल्यासारखं व्हायचं. मैत्रिणी म्हणायच्या, नशीब काढलंस. मला चीड यायची. 'तुम्ही' पाहुण्याला म्हणतात. मी तर धाराशिवातल्या त्या घरातली एक खोली कायमची अडवून बसले होते.

त्या खोलीत माझा पीसी होता. रुखवतात लाडू-चिवड्याशेजारी मांडला नाही एवढंच, पण आला तो माझ्याबरोबरच. शनिवारी संध्याकाळी हेडफोन चढवायचा आणि कॉलेजच्या मैत्रिणींबरोबर ऑनलाइन मारामारी करायची. तिथं मला हक्कानं 'येडे' म्हणणारं माणूस भेटायचं. आठवडाभराचं 'तुम्ही' त्या दोन-तीन तासांत धुऊन निघायचं.

सासूबाईंना हेही नोकरीतलंच वाटायचं. शेजारणीला सांगताना मी ऐकलं, "धाकटीचं काम लई अवघड हाय बाई. सुट्टीदिवशीबी सायबासंगं भांडावं लागतंय." मी काही खोडून काढलं नाही. त्या दिवशी मला आयती भजी मिळाली.

मग मैत्रिणी एका नव्या गेमवर गेल्या. माझ्या जुन्या ग्राफिक्स कार्डाला तो झेपेना. चित्रं अडखळत पुढं सरकायची, शत्रू दिसेपर्यंत मी मेलेली असायची. नवं कार्ड घ्यायचं ठरवलं, तर त्याला पॉवर सप्लाय मोठा लागणार, आणि तो माझ्या पीसीच्या डब्यात मावणार नाही. म्हणजे नालेसाठी घोडं.

"एवढ्या पैशात तर जुना गेमिंग कन्सोल येतोय," नवरा म्हणाला. "टीव्हीला जोडायचा, विषय संपला."

"टीव्हीला? म्हणजे हॉलमध्ये? आईंच्या समोर बसून मी माणसं मारू?"

"मग काय झालं? आई सिरियल बघते, त्यात काय कमी मरतात?"

मी त्याच्याशी दोन दिवस धड बोलले नाही. कन्सोल घेतला की मैत्रिणींच्या गेमला मुकायचं, कारण त्या पीसीवरच्या. माझं हक्काचं 'येडे' जाणार, आणि ह्याला त्याचं काहीच नाही!

पुढच्या शनिवारी मी त्या अडखळत्या गेममध्ये जीव तोडून ओरडत होते. "ए येडे, मागं बघ! अगं मर तिकडं!" मागं वळले तर दारात जाऊबाई, हातात चहा. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे, चहावर साय धरली होती.

"कुणासंगं बोलायलाव एवढं?"

"मैत्रिणींशी," मी ओशाळून हेडफोन काढला.

त्यांनी स्क्रीनकडे बघितलं, मग माझ्या एकुलत्या खुर्चीकडे. "ह्यात दुसऱ्याला जागा न्हाय का?"

"नाही ओ. हा एकट्याचाच असतो."

"व्हय का," म्हणाल्या आणि कप ठेवून गेल्या. मला फार वाईट वाटलं. घरात कुणी जवळ येत नाही म्हणून मी कुढत होते, आणि इकडे दार लावून मीच बसले होते.

कन्सोलच घेतेय असं मैत्रिणींना सांगितलं तेव्हा त्यांनी मला गद्दार ठरवलं. ठरवू देत.

कन्सोल तुळजापुरात मिळाला. विकणाऱ्याचं लग्न ठरलं होतं. "बायको आल्यावर कुठं खेळायचं?" असं तो माझ्या नवऱ्याला सांगत होता आणि मी, बायको, खाली बसून कन्सोलच्या पंख्याचा आवाज ऐकत होते, कंट्रोलरची कांडी आपोआप सरकते का बघत होते. त्यानं ते पाहिलं आणि जरा विचारात पडला. मी घाईनं पैसे दिले, त्याचा विचार बदलायच्या आत. कंट्रोलर दोन होते.

घरी आल्यावर कुस्तीसारखा मारामारीचा एक गेम लावला. जाऊबाईंना बटणं चटकन कळली, पण रीत सुटेना. मला ठोसा मारायच्या आणि विचारायच्या, "लागलं का ओ तुमाला?" मी बळंच हरायचे, तर म्हणायच्या, "तुमी दमला असाल." असं आठवडाभर चाललं. आता स्क्रीनवरसुद्धा मी पाहुणी! मैत्रिणींना सोडून मी हे काय पदरात पाडून घेतलं, असं वाटायला लागलं.

शेवटी एका संध्याकाळी माझं डोकं फिरलं. मी त्यांच्या पैलवानाला उचलला आणि दाणकन आपटला. परत उचलला, परत आपटला. सासूबाई शेंगा फोडत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "जावा जावा, उभा दावा म्हणत्यात ते काय खोटं न्हाय."

जाऊबाईंनी पदर खोचला. मांडी घालून पुढं सरकल्या आणि असल्या तुटून पडल्या की मला कोपऱ्याकडे पळता भुई थोडी झाली.

"पळायलीस कुठं गं? थांब की, सटवे!"

मी थांबले. म्हणजे खरोखरच थांबले. बटणावरचा अंगठा हलेना. त्यांनी माझ्या पैलवानाला आडवा केला, वर एक लाथ घातली. मला समोरचं काही दिसत नव्हतं. स्क्रीन सगळी धूसर झाली होती, आणि ह्या वेळी दोष ग्राफिक्स कार्डाचा नव्हता.

"काय झालं गं? मार की!" जाऊबाईंनी माझ्या मांडीवर चापट मारली. "परत लाव. आन ह्या वेळी मुद्दाम हरू नको. मला काय कळत न्हाय व्हय?"