तीन दिवस न लागलेलं दही

गेल्या हिवाळ्यात माझ्या अकोल्याच्या सासुरवाडीत ओळीनं तीन दिवस दही लागलं नाही, आणि त्या घरात ही गोष्ट खटला हरण्यापेक्षा मोठी मानली जाते. (सासरे वकील आहेत. खटले हरण्याची घराला सवय आहे, दही न लागण्याची नाही.) याला जबाबदार मी होतो आणि ते सगळ्यांत शेवटी मलाच कळलं.

आधी माझ्या कामाबद्दल सांगतो, कारण गुन्ह्याचं मूळ तिथंच आहे. मी अमरावतीला घरी बसून पुण्याच्या एका कंपनीचं काम करतो. कचेऱ्यांमधले कॉम्प्युटर कमी वीज कशी खातील, जास्त वर्षं कसे टिकतील आणि मेल्यावर भंगारात न जाता योग्य ठिकाणी कसे जातील, हे आम्ही लोकांना सांगतो. आमच्या विषयाला इतकं लांबलचक नाव आहे की ते माझ्या व्हिजिटिंग कार्डावर दोन ओळींत मोडावं लागतं. बडनेऱ्याला रेल्वेत आयुष्य घालवलेले माझे वडील मात्र एका ओळीत सांगतात, "पोरगा कॉम्प्युटर बंद कराचे पैसे घेते." यापेक्षा नेमकी व्याख्या मला अजून जमलेली नाही.

तर अकोल्याच्या एका कॉलेजात आमची कार्यशाळा ठरली. मुख्य वक्त्या आमच्या वरिष्ठ, डॉक्टर सोहोनी मॅडम. कॉम्प्युटर चालताना जी गरमी बाहेर फेकतो ती वाया न घालवता वापरायची कशी, हा त्यांचा आयुष्यभराचा विषय. कॉम्प्युटर म्हणजे शेवटी गणित येणारी शेगडीच, असं त्या म्हणतात. मी एकदा त्यांना नम्रपणे सुचवलं होतं, की वऱ्हाडात मे महिन्यात गरमी फुकट मिळते, इथं तुमची कल्पना कोणी घेणार नाही. त्या चष्म्यावरून माझ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या होत्या. तेव्हापासून त्यांच्यावर छाप पाडण्याची एकही संधी मी सोडत नव्हतो.

त्या छापेच्या नादातच मी सासूबाईंच्या दह्याची तारीफ केली. भर थंडीत आमच्या मामींचं दही इतकं घट्ट लागतं की वाटी उलटी केली तरी हलत नाही, असं मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये सांगितलं. (आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी आणि सासूला मामी म्हणतात.) मॅडम म्हणाल्या, मग रविवारी दुपारी तुमच्या सासुरवाडीलाच जेवते, सोमवारी कार्यशाळा. मला आनंद झाला. मग काळजी वाटली. ज्या घरी मॅडम येणार, ते घर आमच्या विषयाच्या दृष्टीनं आदर्श नको का?

म्हणून मी आणि बायको वैशाली गुरुवारी संध्याकाळीच अकोल्याला जाऊन पोचलो. घर जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या अलीकडच्या एका गल्लीत. समोरच्या खोलीत मामाजींचं ऑफिस. तिथं भिंतभर फायली आणि खिडकीशी एक लाकडी टेबल. त्या टेबलाला खाली दार असलेला खण, आणि त्या खणात जुन्या काळचा कॉम्प्युटरचा डबा. वर पडदा काळा होता, मामाजी तर केव्हाच काम आटोपून चहा पीत होते, पण खणातून घूं घूं आवाज येत होता. मी विचारलं, हा बंद का नाही केला? मामाजी म्हणाले, आठ वर्षांत कधी बंद केलाच नाही. तुमच्या मामी म्हणतात, बंद केला का बिघडते.

आठ वर्षं.

मग मी माझ्या पिशवीतून वीज मोजायचं यंत्र काढलं. ते लावून मामाजींना आकडे दाखवले, दाखवताना थोडं चढ्या आवाजात बोललो, आणि कॉम्प्युटर बंद करून बटणावर आमच्या कंपनीचं हिरवं स्टिकर चिकटवलं. 'काम संपले, मला विश्रांती द्या' असं त्यावर लिहिलेलं असतं, खाली एक पान काढलेलं असतं आणि त्याखाली तपासणाऱ्याची सही. मी सही केली.

मामी दारात उभ्या होत्या. त्यांचा चेहरा पडल्यासारखा वाटला. त्यांनी हळूच विचारलं, "थोडासाई चालू नाई ठेवता येत काय, जवाईबापू?"

मला गंमत वाटली. बिचारीला यंत्राची भीती वाटत असणार. मी त्यांना पंधरा मिनिटं समजावून सांगितलं की बंद केल्यानं कॉम्प्युटर बिघडत नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. वऱ्हाडात जावयाचं बोलणं मधे तोडत नाहीत. ही प्रथा फार चांगली आहे, फक्त तिच्यामुळे जावयाला कधीच काही कळत नाही.

शुक्रवारी सकाळी दही लागलं नाही. गंजात, म्हणजे दह्याच्या पातेल्यात, वर निळसर पाणी आणि खाली कोमट संशय. मामींनी गंजाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि दूधवाल्या देवरावांना बोलावणं धाडलं. तुमच्या दुधात काहीतरी खोट आहे, असं त्यांना सुनावण्यात आलं. देवराव या घरी वैशालीच्या जन्माआधीपासून दूध घालतात. ते नुसते सायकलपाशी जाऊन उभे राहिले आणि रुमालानं डोळे पुसू लागले. मामी आतून म्हणाल्या, चहा पिऊन जा. मी देवरावांना दुधातली भेसळ ओळखायच्या दोन पद्धती सांगितल्या. चहा न घेताच ते गेले.

त्या संध्याकाळी मामींनी दुसरा उपाय केला. दुधाला विरजण लावलं, आणि गंजाला ऊब मिळावी म्हणून घरातलं सगळ्यांत जाड लोकरी कापड गुंडाळून तो गव्हाच्या कोठीवर ठेवला. सगळ्यांत जाड लोकरी कापड म्हणजे मामाजींचा काळा कोट. शनिवारी सकाळी मामी कोट काढायला गेल्या तर झाकण सरकलं, आणि न लागलेलं दोन लिटर दही वकिलीच्या बाहीतून खिशात आणि खिशातून अस्तरात गेलं. मामाजींनी कोट उचलून नाकाशी धरला. सोमवारी त्यांना हाच कोट घालून न्यायाधीशांपुढे उभं राहायचं होतं. ते मामींना एवढंच म्हणाले, की चाळीस वर्षांत विरुद्ध पक्षानंही असं केलं नाही. कोट धुऊन अंगणातल्या दोरीवर टाकला. गल्लीतली दोन मांजरं दिवसभर त्याखाली बसून होती.

वैशालीनं मला बाजूला घेऊन विचारलं, तू काही केलं तर नाहीस ना? मी म्हटलं, माझा आणि दह्याचा काय संबंध? मी कॉम्प्युटरवाला माणूस.

रविवारी सकाळी पुन्हा तेच. आता मामी घाबरल्या. दुपारी पाहुणी येणार, कढी-गोळ्यांचा, म्हणजे कढीत सोडलेल्या डाळीच्या गोळ्यांचा बेत ठरलेला, आणि कढीलाच दही नाही. बाजारातलं दही या घरात आणायचं नाही, असा मामींचा दंडक. पण माझी अब्रू पणाला लागली होती. फिरून येतो म्हणून मी निघालो, पूल ओलांडून पलीकडच्या डेअरीतून दोन किलो दही आणलं, मागच्या दारानं शिरलो आणि मामी आंघोळीला गेल्यात पाहून त्यांचा गंज रिकामा करून ते त्यात ओतलं. मग बाहेर येऊन पेपर वाचत बसलो. मामी आल्या. त्यांनी झाकण उघडलं, बोट बुडवलं, चाखलं आणि झाकण लावून घेतलं. पण डेअरीची प्लॅस्टिकची पिशवी मी मोरीपाशीच विसरलो होतो. त्यांनी ती उचलली, घडी केली आणि कोनाड्यात ठेवून दिली. जावयानं आणलेली वस्तू फेकत नाहीत.

मॅडम आल्या, जेवल्या. गोळे उत्तम झाले होते. कढी पिताना मात्र त्यांनी माझ्याकडे एकदा चष्म्यावरून बघून घेतलं. वाटी उलटी करून बघण्याचा प्रश्नच नव्हता. जेवण झाल्यावर त्या सरळ स्वयंपाकघरात गेल्या आणि मामींपाशी पाटावर बसल्या. मी दाराशी कान लावला.

मॅडमनी विचारलं, थंडीत तुमचं दही इतकं छान लागतं असं ऐकलं होतं, ते कसं लावता? मामी आधी काही सांगेनात. मग त्यांना रडूच फुटलं.

"कोणाले सांगू नका बाई. वकीलसाहेबाच्या कॉम्प्युटरच्या खनात ठेवत जाओ मी गंज. तिथं चांगली ऊब राह्यते. आठ वर्सं झाले, एक दिवस दही बिघडलं नाई. ते झोपले का ठेवाचा, अन् उठाच्या आंधी काढाचा. आता तीन दिवस झाले, तो कॉम्प्युटरच बंद करून टाकला, तर मी कुठं ठेवू?"

दाराला लावलेला कान मी काढून घेतला.

मॅडम ताडकन उठल्या, ऑफिसच्या खोलीत गेल्या, खणाचं दार उघडून त्यांनी आत हात घालून बघितलं. आत एका कोपऱ्यात गंजाच्या बुडाचा गोल डाग होता. एखाद्या देवस्थानाकडे बघावं तशा त्या त्या डागाकडे बघत राहिल्या. मग वळून म्हणाल्या, "मी इतकी वर्षं लोकांना जे पटवून देतेय ते या बाई आठ वर्षं करतायत. आणि हा बंद कुठल्या शहाण्यानं केला?"

मॅडम सोडून खोलीत आम्ही चौघं होतो. मग मामाजींनी घसा साफ केला.

"लाईन गेली होती," ते म्हणाले.

"हो, लाईनच गेली होती," मामी म्हणाल्या.

मॅडमनी विचारलं, तीन दिवस? वैशाली म्हणाली, जुन्या शहरात वीज जाते कधी कधी. साऱ्या घरानं माझ्यासाठी एका दमात खोटी साक्ष दिली, आणि त्यात एक जण चाळीस वर्षं कोर्टात खरं बोला म्हणून सांगत आलेला. पण मॅडमची नजर बटणावर गेली होती. तिथं हिरवं स्टिकर होतं, त्यावर पान होतं, आणि पानाखाली माझी सही होती. ठळक आणि तारखेसह.

मी सगळं कबूल केलं. डेअरीच्या दह्याचंही. मामी लगेच म्हणाल्या, जाऊ द्या, त्याईनं आपल्या भल्यासाठीच केलं. मामाजी मात्र भलत्याच विचारात होते. ते हळूच मामींकडे वळले आणि त्यांनी विचारलं, की माझ्या फायलींना आठ वर्षं मुंग्या लागतात, त्या कशाच्या? मामी पदर सावरत आत गेल्या. त्या मुंग्यांपायी मामाजींनी आपल्या म्हाताऱ्या मुनशीला ऑफिसात गोड चहा प्यायची बंदी केली होती. त्याच संध्याकाळी ते पेढे घेऊन मुनशीच्या घरी गेले. जाताना वाटेत देवरावांकडेही थांबले. तिथं मलाही सोबत नेलं आणि पेढ्यांचा पुडा माझ्याच हातात दिला.

मॅडमनी कॉम्प्युटर पुन्हा सुरू करायला लावला आणि खणाला आतून जुनी गोधडी ठोकून घेतली. मामाजींचं काम रात्री आटोपलं की कॉम्प्युटर बंद करायचा, गंज आत ठेवायचा आणि दार लावून घ्यायचं. दिवसभराची साठलेली ऊब पुरेल, असं त्यांचं म्हणणं. सोमवारी सकाळी मामींनी गंज काढला. वाटी उलटी केली. दही हललं नाही.

त्या दिवशी कार्यशाळेला मॅडम मामींना घेऊन गेल्या आणि थेट व्यासपीठावर बसवलं. माझं भाषण कार्यक्रमपत्रिकेत होतं, पण वेळेअभावी झालं नाही. मामींनी माईक दोन्ही हातांनी धरला आणि म्हणाल्या, "ऊब हाय तर वापरा. वापरून झाली का बंद करा. अन् झाकण नीट लावा." टाळ्या थांबेनात. लांबलचक नावाचा आमचा सगळा विषय तीन वाक्यांत संपला होता. मी पहिल्या रांगेत गंज मांडीवर घेऊन बसलो होतो, कारण तो ठेवायला दुसरी जागा नव्हती.

आता खरं तर हे इथंच थांबायला हवं होतं. पण मामींचं भाषण गल्लीत पोचता पोचता त्यातलं मधलं वाक्य गळून पडलं. महिन्याभरानं मी अकोल्याला गेलो, तर गल्लीतल्या सात घरांतून घूं घूं आवाज येत होता. ज्यांचे कॉम्प्युटर कित्येक वर्षं माळ्यावर पडून होते, त्यांनी ते उतरवून, पुसून, फक्त दह्यासाठी रात्रंदिवस सुरू केले होते. म्हणजे मी येण्याआधी त्या गल्लीत एक कॉम्प्युटर विनाकारण चालत होता. माझ्या तज्ज्ञ मार्गदर्शनानंतर सात.

हे कानावर जाताच मॅडमचा फोन आला, की आजच घरोघर जाऊन समजावून सांगा. मी स्टिकरांचा गठ्ठा घेतला आणि शेजारच्या पहिल्याच घरात शिरलो. काकूंनी खुर्ची दिली, म्हणाल्या, जवाईबापू, तुमच्यामुळंच आमचंही दही लागाले लागलं. बंद करा असं म्हणायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनी हातात वाटी दिली. मी ती उलटी करून पाहिली. दही हललं नाही. स्टिकरं मी खिशात घातली आणि थोडी साखर मागितली.