फ्यूजच्या जागी तार

पडदा वर जावा तसं पत्र्याचं शटर वर जातं आणि उजेड पडतो तो मोटारसायकलींच्या आतड्यांवर. लाल-काळ्या वायरींची भेंडोळी, डोळे काढल्यासारखे उघडे हेडलाइट, खिळ्यांना टांगलेले मुके हॉर्न. मधोमध स्टुलावर बसलेला टेस्टर. आईबापांनी ठेवलेलं नाव बायकोलाही आठवून सांगावं लागे. वायरिंगचं काम म्हटलं की टेस्टर, एवढं सगळ्यांना पुरेसं होतं.

हात सोन्यासारखा, राग मात्र जहाल. फ्यूज उडाला म्हणून नवा घालून दिला, असं त्यानं तीस वर्षांत केलं नाही. फ्यूजच्या जागी तो बल्ब जोडी आणि एकेक वायर हलवून बघे. बल्ब भक्कन पेटला की शॉर्ट तिथंच. "फ्यूज गाडीसाठी मेला," तो म्हणे, "त्याला मारला कोणी ते आधी शोधू." फ्यूजला सिगरेटच्या पाकिटाची चांदी गुंडाळणारा तर त्याचा वैरीच. एका दूधवाल्याच्या कानाखाली त्यानं असा जाळ काढला होता, की बिचारा आठवडाभर उजवा कान पुढे करून बोलणं ऐकायचा. एका मास्तरांवर पाना भिरकावला. मास्तर वाचले, भिंतीचा पोपडा गेला.

त्या सकाळी लोहार आला. हातगाडीवर त्याच्या धाकट्या भावाची मोटारसायकल होती. सीट वितळून फ्रेमला चिकटलेली, टाकी कोळशासारखी काळी.

"चालती गाडी पेटली," लोहार म्हणाला. "पोराची मांडी सोलून निघालीय. तुझ्याकडूनच दुरुस्त करून नेली म्हणतो."

एवढं बोलून त्यानं लोखंडी गज हाणला. पहिला तडाखा खांद्यावर, दुसरा बरगड्यांवर. टेस्टर स्टुलासकट आडवा झाला, पण गप्प मार खाणारा तो नव्हता. पडल्या पडल्या त्यानं पाना लोहाराच्या गुडघ्यावर घातला. लोहार कळवळून वाकला आणि वाकल्या वाकल्याच त्यानं टेस्टरचं तोंड फोडलं. ओठातून रक्ताची धार लागली. हॉर्न खळाखळा खाली आले.

आतल्या खोलीतून टेस्टरची बायको धावत आली. हातात बॅटरीत घालायच्या ॲसिडची बरणी.

"भावजी, आणखी एक मारून बघा. तोंडावर ओतते."

"वहिनी, तुम्ही मध्ये पडू नका."

"मध्ये कुठे? समोरच उभी आहे."

"ठेव ती खाली," टेस्टर रक्त थुंकत म्हणाला. "माझ्यावरच सांडशील." मग लोहाराकडे वळून, "मारायचं तेवढं मार. आधी फ्यूज बघू दे."

बरगड्या धरून तो गाडीपाशी सरकला. बाजूचं झाकण गजानंच उचकटावं लागलं. आत फ्यूज नव्हता. तांब्याची जाड तार होती, शॉर्ट झाला तरी न वितळणारी.

लोहारानं वाकून पाहिलं. त्याचा चेहराच फिरला.

"म्हणजे हा उद्योग त्या गाढवाचा. आणि मला इथं पाठवून तुझी हाडं मोडायला लावतो. चाललो दवाखान्यात. पलंगावरच त्याचे दात घशात घालतो."

तो उठला. गज उचलला.

टेस्टर तारेकडे बघत राहिला. तीन पिळे आणि टोक आत दुमडलेलं. असं टोक दुमडणारा त्याच्याशिवाय दुसरा माणूस नव्हता. त्याला दोन महिन्यांपूर्वीची दुपार आठवली. धाकटा दारात उभा, मागच्या सीटवर त्याची बायको कळा देत बसलेली, आणि नेमकी फ्यूजची डबी रिकामी. वायर कुठे घासते ते शोधायला वेळ नव्हता. "दवाखान्यापर्यंत जाऊ दे," तो गयावया करत होता, "उद्या आणतो गाडी." उद्या तो आला नाही. टेस्टरही विसरला.

ते पिळे वाचणारं तिथं दुसरं कोणी नव्हतं. बायकोलाही कळलं नसतं. नुसतं गप्प बसायचं होतं, लोहार आपोआप गेला असता.

लोहार उंबऱ्यापर्यंत पोचला होता.

"थांब," टेस्टर म्हणाला. त्यानं डावा हात बाकावर पालथा ठेवला. "तार मी घातलीय. ह्या हातावर मार. उजवा राहू दे, त्या पोराची गाडी मलाच नीट करायचीय."