नमाजनंतरचा फितरा

आमची गाडी नाशिकरोडला पहाटे पोचणार असं वेळापत्रकात छापलं होतं. ती सव्वानऊला पोचली, आणि डब्यातल्या यात्रेकरूंनी अशी झुंबड उडवली की जणू गोदावरी दहाच्या ठोक्याला बंद होणार होती. एका काकूंचा तांब्याचा गडू माझ्या पायावर आपटला. वर त्याच माझ्याकडे रागाने बघत उतरल्या.

आणीबाणी उठून दोन वर्षं झाली होती. आदल्याच दिवशी पोळा झाला होता. बँकेतून आठ दिवसांची रजा काढून मी देवळाली कॅम्पला निघालो होतो. तिथले याकूब मास्तर माझे जुने स्नेही. पूर्वी ते आमच्या मिरजेत शिवणकाम करायचे, आता कॅम्पाच्या बाजारात लष्करी गणवेश शिवतात. रमजान संपत आलाय, ईद आमच्याकडे करा, असं त्यांचं पत्र आलं होतं.

मीटर नावाची वस्तू या गावात चालत नाही, असं स्टेशनाबाहेरच्या रिक्षावाल्यांनी मला ऐकवलं. म्हणून टांगा केला. टांगेवाले करीमचाचा सत्तरीचे, पांढऱ्या दाढीचे. भर उन्हात त्यांना रोजा होता, तरी मला वाटेभर सगळं दाखवत होते. स्वतःचा घोडा होळीच्या सुमारास मेला, आता दुसऱ्याचा टांगा रोजंदारीवर हाकतो, हे त्यांनी रस्त्यातला खड्डा दाखवावा इतक्या सहज सांगितलं. मग मी काय करतो ते विचारलं.

"पेपरात लिहितो," मी म्हणालो.

खरं तर मी बँकेत कारकून. वर्षाकाठी दोन प्रवासलेख एका साप्ताहिकात छापून येतात, तेही दिवाळी तोंडावर आली आणि जागा उरली तर. पण परगावी माणूस एक इंच उंच होतो. मी चांगला हातभर झालो. त्या एका वाक्याने पुढे काय पांग फेडले ते सांगतोच.

दुसऱ्या दिवशी नाशिक बघून आलो. रामकुंडावर एका भटजींनी माझे सात पूर्वज माझ्याआधी ओळखले. घाटाच्या फरश्यांवर देणगीदारांची नावं कोरलेली होती आणि लोक त्यांवर ओले पाय पुसत होते. अमक्याच्या स्मरणार्थ तमका, आणि तमक्याचं नाव अमक्याच्या दुप्पट. आमच्या लोकांना दान पचतच नाही, त्याचा ढेकर दगडात कोरावा लागतो, असं मनाशी म्हणत मी संध्याकाळी कॅम्पात परतलो.

मास्तरांच्या घरी मेहरूनभाभी जमिनीवर बसून गहू तोलत होत्या. हा फितरा (ईदच्या नमाजआधी गरिबाला द्यायचंच असं धान्य). घरातल्या प्रत्येक माणसामागे पावणेदोन शेर गहू. मास्तरांच्या मुलीला पंधरा दिवसांपूर्वी मुलगी झाली होती, तर त्या पंधरा दिवसांच्या जिवाच्या नावानेही एक माप पडलं. गहू कोणता, म्हणून मी मुद्दाम बघितलं. रोज ज्याची पोळी करायच्या त्याच डब्यातला होता. आमच्याकडे दानाला वेगळे, स्वस्तातले तांदूळ आणतात.

चंद्र ढगाआड होता. मशिदीतून उद्या ईद असल्याची बातमी आली तेव्हा भाभींनी पिशवी ओढणीखाली घेतली आणि मागच्या दाराने निघाल्या. पुढच्या दाराने का नाही, असं मी विचारलं. मास्तर सुईत दोरा ओवत म्हणाले, "फितरा देनेवालेने खुद जाना, साहेब. लेनेवाले को बुलाना नहीं. ईद के दिन किसीने हात नहीं फैलाना, इसलिए तो ये है." शिवाय नमाज होऊन गेली की तो फितरा राहत नाही, सदका (साधं दान) होतो, हेही त्यांनी सांगितलं.

एवढ्यात शेट आले. लाकडाचे व्यापारी. वखार नाशिकरोडला, अंगावर अर्धवट शिवलेली शेरवानी, बोटांत अंगठ्या. गुंड्या नीट लागतात का ते बघायला आले होते, पण लक्ष माझ्याकडेच. करीमचाचांनी स्टँडवर सांगितलेली बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. उद्या सकाळी आपण वखारीत दोनशे गरिबांना फितरा वाटणार आहोत, चिठ्ठ्या दिल्या आहेत, पेपरवाले साहेब हजर पाहिजेत, असं म्हणाले. मास्तरांनी मान वर केली नाही. मला सांगता आलं असतं की मी कारकून आहे. मी सांगितलं की बघू, वेळ काढतो.

"साडेसहाची बस पकडा," मास्तर नंतर एवढंच म्हणाले. "आठ वाजता नमाज आहे."

ईदची सकाळ. रिमझिम पाऊस. मास्तर नवा कुर्ता घालून लवकरच नमाजला गेले. भाभींचा शीरखुर्मा चुलीवर होता, पण मला नाशिकची मिसळ खाल्ल्याशिवाय परत जायचं नव्हतं. स्टँडसमोरच्या हॉटेलात शिरलो. तर्री झणझणीत होती, नाकातून पाणी आलं. त्यावर उतारा म्हणून जिलेबी मागवली, मग जिलेबी चांगली होती म्हणून आणखी मागवली. साडेसहाची बस समोरून गेली. सातचीही गेली. जाऊ दे, म्हटलं, गहू वाटायला माझी काय गरज. साडेसातच्या बसचा टायर वाटेत बसला, आणि ड्रायव्हरने तो बदलायच्या आधी विडी ओढायचं ठरवलं.

नाशिकरोडला उतरलो तेव्हा ईदगाहाकडून (ईदच्या नमाजच्या मैदानाकडून) माणसं गळाभेट घेत परत येत होती. नमाज झाली होती. वखारीच्या दाराशी मांडव, मांडवावर शेटचं हातभर अक्षरांतलं नाव, आणि पावसात भिजणारी लांब रांग. पोती शिवलेली ती शिवलेलीच. मुनीम धावत आला. पेपरवाले साहेब येईपर्यंत पोतं उघडायचं नाही, असा शेटचा हुकूम होता. रांग सोडेल त्याची चिठ्ठी रद्द, असाही. शेट स्वतः मात्र जीपमधून ईदगाहाला जाऊन, नमाज पढून, अत्तर लावून परत आले होते.

"आलात, आता सुरू करू," शेट म्हणाले. मला खुर्ची दिली. हार घातला. तो हार मी घालून घेतला, हे लिहायला लाज वाटते, पण घालून घेतला.

"नमाज तर झाली," मी म्हणालो. "आता याला फितरा म्हणतात का?"

शेटनी अंगठ्यांचा हात हवेत फिरवला. नीयत साफ पाहिजे, असं म्हणाले. मग फोटोवाल्याला जवळ बोलावलं आणि रांगेतला पहिला माणूस पुढे ओढला. ते करीमचाचा होते. धुतलेला सदरा, जाळीची टोपी, डोळ्यांत सुरमा. ईदगाहाला जायची सगळी तयारी करून माणूस पहाटेपासून रांगेत उभा होता. मुनीमने पिशवीत गहू ओतला. तो असा किडलेला होता की ओतताना पीठ उडालं. चाचांनी फोटोवाल्याकडे पाठ केली. शेटनी त्यांचा खांदा धरून पुन्हा वळवलं.

मी हार काढला आणि चाचांच्या मागे गेलो. रस्त्यावर गाठलं. विचारलं, "चाचा, निघून का गेला नाहीत?"

"घरी पाच तोंडं हायेत साहेब. गेल्या ईदपर्यंत मीच फितरा द्यायचो, यंदा पैल्यांदा घ्यायला आलो." राग नव्हता त्यांच्या आवाजात, असता तर मला बरं वाटलं असतं. "समजायला लागल्यापासून ईदची नमाज कधी चुकली नव्हती. तुमची वाट बघता बघता चुकली. नमाजच्या आधी दिलं असतं तर हा माझा हक होता. आता भीक हाय."

मग पिशवी दुसऱ्या हातात घेऊन मला म्हणाले, "ईद मुबारक," आणि गल्लीत वळले.

मास्तरांकडे परत आलो. भाभींनी शीरखुर्म्याचा वाडगा पुढे ठेवला. झालं ते सगळं सांगितलं, जिलेबीसकट. मास्तरांनी मला दोष दिला नाही. संध्याकाळी ते डब्यातला गहू घेऊन चाचांकडे गेले. मी येतो म्हणालो, तर तुम्ही नका येऊ म्हणाले. पुन्हा एकदा कोणीतरी बघायला आलंय असं त्यांना वाटेल, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी परतीची गाडी धरली. घाटावरच्या फरश्या, शेटच्या अंगठ्या, यांच्यावर तोंडसुख घ्यायला मला मुळीच श्रम पडले नाहीत, हे तुम्ही वाचलंच आहे. संपादकांनी शेटचं नाव विचारलं, मी दिलं नाही. त्यांना छापून यायची हौस होती, ती मी भागवणार नाही. मात्र ज्याच्यासाठी दोनशे माणसांची नमाज चुकली त्याचं नाव या लेखाच्या डोक्यावर, लेखक म्हणून, ठळक टाइपात छापलेलं आहे. ते मीच संपादकांना लिहून दिलं होतं.