घर तेव्हाही तेवढंच होतं

सुजाताताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी एर्लांगेनहून परतणाऱ्या बसमध्ये होते. तिचे यजमान मिलिंददादा एवढंच म्हणाले, "माधुरी, संपलं गं सगळं." आता दीड महिना होईल. पुरवणीसाठी तिच्याविषयी चार हळवे शब्द लिहावेत अशी अपेक्षा असेल, पण मला ते जमणार नाही. ताईची आठवण आली की डोळ्यांत पाणी येण्याआधी डोकं तापतं.

ताई नागपूरची. सरकारी वसतिगृहात राहून शिकली आणि वैद्यकीय उपकरणांच्या संशोधनासाठी इकडे जर्मनीत आली. आमच्या छोट्या शहरात ओळख झाली ती मुलांच्या शाळेमुळे. चौथीची पालकसभा होती. इथे अशा सभेला आईवडील आपापल्या मुलाच्या जागेवर बसतात. ताईच्या मैत्रेयीशेजारची खुर्ची रिकामी होती. ती जेनीची, बालगृहात राहणाऱ्या मुलीची. बालगृहातून कोण येणार? एका पाळीला एकच बाई आणि पोरं ढीगभर. ताईने दादांना मैत्रेयीच्या जागी बसवलं आणि स्वतः त्या खुर्चीवर सरकली. चौथीनंतर इथे मुलांच्या वाटा वेगळ्या होतात, पुढे विद्यापीठात जाणारी मुलं गिम्नाझियुमला आणि बाकीची इतर शाळांत. सभा संपल्यावर ताईने शिक्षिकेला गाठून जेनीचं विचारलं. "हुशार आहे हो, पण मागे घर नाही. झेपायचं नाही तिला," असं उत्तर आलं. ताई म्हणाली, "माझ्याही मागे वसतिगृहच होतं."

भांडून, खेटे घालून तिने जेनीला गिम्नाझियुमला पाठवलं. मग सुरू झाला युगेंडआम्टचा, म्हणजे या मुलांची जबाबदारी असलेल्या सरकारी खात्याचा कारभार. जेनी गणितात नापास व्हायला आली तेव्हा त्यांनी शिकवणी मंजूर केली. ती पास झाली तशी शिकवणी बंद, कारण आता गरज उरली नाही म्हणे... पुन्हा घसरली, पुन्हा मंजुरी. "ताप उतरला की पेशंटला परत थंडीत उभं करतात हे लोक," ताई म्हणायची. शेवटी तिने स्वतःच शिकवायला घेतलं. कामावरून आली की एकीकडे कुकर लावायचा, दुसरीकडे समीकरणं. जेनी तिला सरळ नावाने हाक मारायची आणि आम्हा बायकांना ते खटकायचं. ताईला कधी खटकलं नाही.

मग तिने अर्ज केला, या मुलीला आम्ही घरी ठेवून घेतो. आपल्याकडे शिकायला आलेलं पोर घरात सामावून घेताना कोणी परवानगी मागत नाही. इथे खात्यातल्या बाई येऊन खोल्या बघून गेल्या. घर लहान, दोन मुलींना वेगळ्या खोल्या नाहीत, त्यात तुमचा व्हिसा मुदतीचा. नकार. ताईला मी त्या दिवशी पहिल्यांदा रडताना पाहिलं, आणि तेही संतापाने.

जेनी अठरा वर्षांची झाली तेव्हा शाळेची शेवटची परीक्षा वर्षभरावर होती. आपल्या बारावीसारखीच ती, पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून. खात्याने कळवलं, मुलगी आता सज्ञान झाली, बालगृहातली जागा सोडावी. आणि त्याच बाईंनी ताईला फोन केला, तुमचं तिच्याशी इतकं छान जमतं, तुमच्याकडे राहील का? मी असते तर फोन आपटला असता. ताईने होकार दिला, फोन ठेवला आणि मला म्हणाली, "पोरीच्या वाढदिवसाला माझं घर मोठं झालं बघ."

त्या हिवाळ्यात तिचा कॅन्सर कळला. शेवटी शेवटी तिने आम्हा सगळ्यांना बजावलं होतं, "मी गेल्यावर भेटायला म्हणून घरात येऊन बसू नका. मुलींची परीक्षा आहे. रडायचं ते नंतर रडा." आम्ही ऐकलं. खात्यातल्या त्या बाईंना कोण सांगणार? मागच्या आठवड्यात मी डबा द्यायला गेले होते, तेवढ्यात त्या पांढरी फुलं घेऊन आल्या. "सुजाता आणि आमचं खातं, आमचं सहकार्य नेहमीच उत्तम होतं," म्हणाल्या. सहकार्य... मी डबा खाली ठेवला, नाहीतर हातून काय झालं असतं सांगता येत नाही. मग त्यांनी जेनीला हळूच विचारलं, "तुझं आता इथे कसं होणार?"

जेनी उठली. कपाटातून मोजायची टेप आणून तिने त्यांच्यासमोर ठेवली.

"मोजा," ती म्हणाली. "तेव्हा चौघांना घर पुरत नव्हतं. आता आम्ही तिघंच आहोत."

बाई फुलं टेबलावर ठेवून निघून गेल्या. मुली ताईच्या खोलीत गेल्या. तिच्या पलंगावर आता वह्या-पुस्तकं पसरलेली असतात आणि दादा बाहेर सोफ्यावर झोपतात. थोड्या वेळाने दादांनी दारात उभं राहून ताईच्याच सुरात विचारलं, "कुठपर्यंत आलं गं?" मैत्रेयीने नेहमीसारखं जर्मनमध्ये उत्तर दिलं. जेनी मात्र मराठीत म्हणाली, "अजून बरंच राहिलंय."