कुंदाबाईच्या डब्यातलं तेल

दरेकशाची कुंदाबाई आमगावच्या बाजारात माझ्या शेजारी बसते. मी बांगड्या विकते, ती टोरीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं तेल. बाई मेहनती, पण तोंड असं फटकळ की माझं गिऱ्हाईकही तिला दबकून असतं. घाण्यावरून आणलेलं तेल ती चुलीवर तडतड पूर्ण थांबेस्तोवर कढवते, मगच डब्यात भरते. पाण्याचा थेंब राहिला तर तेल खवट होते, हे तिचं पालुपद. ऐकून ऐकून माझे कान किटले.

गेल्या दिवाळीच्या आधी कुंदाबाईचं नेहमीचं गिऱ्हाईक सुमनबाई बाटली घेऊन तणतणत आली. तिनं हे तेल नातवाला चोळलं, तर पोराच्या अंगावर पुरळ उठलं होतं.

"भेसळ करून राहिली का तू? वास पाय कसा येते!"

"टोरीच्या तेलाले वास येणारच! मी काय गुलाबपाणी विकून राहिली?"

झालं, भांडण पेटलं. हायस्कूलात विज्ञान शिकवणारे भूपेंद्र सर भाजी घ्यायला आले होते, ते मध्ये पडले.

"इंग्रजीत शब्द आहे, इनव्होलाटाइल," ते म्हणाले. "उघड्यावर ठेवलं तरी जे वाफ होऊन उडत नाही, ते. मीठ इनव्होलाटाइल, तेलही. रॉकेल, थिनर उडून जातं. लोक नॉन-व्होलाटाइल म्हणतात, इनव्होलाटाइल फारसा कुणी वापरत नाही. मला मात्र हाच आवडतो."

घ्या! इथं बाया झिंज्या उपटायला निघाल्या अन् सरांना शब्द आवडून राहिला!

मग त्यांनी कामाचं सांगितलं. थोडं तेल ताटलीत पसरून तोलायचं, दिवसभर उन्हात ठेवायचं, संध्याकाळी पुन्हा तोलायचं. शुद्ध असेल तर वजन तेवढंच राहील.

कुंदाबाईनं पदर खोचला. "ठेवाच! वजन उतरलं तर या बाजारात पाय नाही ठेवणार."

संध्याकाळी किराणावाल्याच्या काट्यावर ताटली चढली. आकडा उतरला होता.

सरांना कीव आली असावी. "पाणी राहिलं असेल, कुंदाबाई. पाणीही उडतं. त्याला भेसळ म्हणत नाहीत."

अगं, हो म्हण ना, मी मनातल्या मनात ओरडले. पण ती कुंदाबाई!

"पाणी नाही," ती म्हणाली. "मी कढवल्याबिगर डब्बा भरतच नाही." आणि डब्याकडे पाहत राहिली. मग तिनं झाकण काढून नाक आत घातलं. थिनरचा वास! तिचा पोरगा उमेंद्र रंगकाम करतो. थिनरचा डबा त्यानं नुसता विसळून ठेवला होता, तळाला थोडं थिनर राहिलंच होतं, आणि त्या खेपेला तिनं तोच तेलाला घेतला होता.

डबा उचलून ती स्टेशनकडे चालू लागली.

पुढच्या बाजारी ती येणार नाही असंच मला वाटलं. पण आली. तेल नव्हतंच. तळाला भोक पाडलेला तो डबा पुढ्यात ठेवून बसली.

"काऊन आली?" मी विचारलं. "पाय नाही ठेवणार म्हणत होतीस ना?"

"ज्याईनं तेल नेलं त्याईले कोन सांगन? तू?"

दिवसभर ती येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारून सांगत होती, घरी तेल असेल तर अंगाला लावू नका, फेकून द्या, चूक माझी आहे. ऐकताना माझेच डोळे भरून आले.

दुपारी सुमनबाई आली. पोराचं पुरळ गेलं होतं. तिनं रिकामी बाटली त्या डब्याशेजारी ठेवली.

"आज तेल नाही," कुंदाबाई म्हणाली.

"मले दिसते. बाटली राहू दे."